आइस४० एफपीजीए: वाचता येणाऱ्या .एएससी फाइलपासून .बिन बिटस्ट्रीमपर्यंत, पायरीपायरीने

"आइसपॅकने एकही एरर दिली नाही, .बिन फाइल तयार झाली, बोर्डावर चढवली, तरी एलईडी लागत नाही." आइस४० वर, म्हणजे आतलं सर्किट आपण स्वतः ठरवू शकतो अशा एफपीजीए चिपांच्या एका कुटुंबावर, काम सुरू करणाऱ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. मग प्रत्येक जण आपला व्हेरिलॉग कोड (सर्किटचं लेखी वर्णन) पुन्हा पुन्हा वाचत बसतो. चूक बहुतेक वेळा तिथे नसतेच.

ती असते समजुतीत. आइसपॅक हे .एएससी या मजकूर फाइलपासून .बिन ही बिटस्ट्रीम, म्हणजे चिपमध्ये भरायची बायनरी फाइल, बनवणारं साधन आहे, कंपायलर नाही. तुमचं डिझाइन काय आहे, कोणत्या पिनवर काय जोडलंय, घड्याळाचा वेग पेलणार की नाही, यातलं त्याला काहीही कळत नाही. मजकुरातले शून्य आणि एक उचलायचे, चिपला हव्या त्या क्रमाने बसवायचे आणि शेवटी चेकसम (फाइल वाटेत बिघडली का हे ओळखायचा आकडा) लावायचा, एवढंच त्याचं काम. म्हणजे चुकीची .एएससी फाइलही ते तितक्याच निमूटपणे बांधून देतं. त्यामुळे तपासणी पॅकिंगच्या आधी, फाइल अजून वाचता येते आहे तोवर करायची. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

उदाहरणासाठी आइसस्टिक बोर्ड घेतो. त्यावर एचएक्स१के चिप आहे, टीक्यू१४४ पॅकेजमध्ये. १२ मेगाहर्ट्झचं घड्याळ पिन २१ वर येतं आणि पाच एलईडी पिन ९५ ते ९९ वर आहेत. कमांड आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टाइप करताना ते नेहमीसारखे रोमन लिपीत टाइप करायचे.

## टप्पा १: तयारी

१. सगळी साधनं एकाच संचातून घ्या. योसिस (व्हेरिलॉगचं सर्किटच्या घटकांत रूपांतर करतं), नेक्स्टपीएनआर (ते घटक चिपवर बसवून जोडतं) आणि आइसस्टॉर्म (आइसपॅक याच्यातच येतं) ही तीन वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणांहून उतरवली की आवृत्त्या जुळत नाहीत. ओएसएस कॅड सूट या तयार संचात तिन्ही एकत्र मिळतात, नवख्याने तोच घ्यावा.

२. कागदावर तीन गोष्टी लिहून समोर ठेवा: चिपचं पूर्ण नाव, पॅकेज आणि वापरायच्या पिनांचे क्रमांक. पॅकेज चिपच्या पाठीवरून अंदाजाने ठरवू नका, बोर्डाच्या सर्किट आकृतीतून घ्या.

३. फोल्डर रिकामा करून सुरुवात करा. जुनी .जेसन, जुनी .एएससी, जुनी .बिन, सगळं काढून टाका. हे का, ते टप्पा ३ मध्ये येईल.

## टप्पा २: व्हेरिलॉगपासून .जेसन

योसिसमध्ये 'सिंथ_आइस४०' चालवायचं आणि निकाल .जेसन फाइलमध्ये घ्यायचा. इथे लक्ष एकाच गोष्टीवर हवं: सर्वांत वरच्या मॉड्यूलचं नाव '-टॉप' ने स्वतः द्या. टेस्टबेंचही (डिझाइनच्या चाचणीचा कोड) त्याच फोल्डरमध्ये असेल, तर योसिस भलतंच मॉड्यूल वरचं समजू शकतं.

तपासा: शेवटच्या आकडेवारीत 'एसबी_एलयूटी४' (एलयूटी, म्हणजे इनपुटांवरून उत्तर देणारी छोटी सारणी) आणि 'एसबी_डीएफएफ' (फ्लिपफ्लॉप, म्हणजे एक बिट लक्षात ठेवणारा घटक) ने सुरू होणारी नावं दिसतात का? एलयूटींची संख्या शून्य असेल, तर डिझाइन अनावश्यक समजून छाटलं गेलं आहे. बहुधा आउटपुट कुठेच जोडलेलं नसतं.

## टप्पा ३: .जेसनपासून .एएससी

नेक्स्टपीएनआरला चार गोष्टी द्यायच्या: '--एचएक्स१के', '--पॅकेज टीक्यू१४४', पिनांची .पीसीएफ फाइल आणि बाहेर येणाऱ्या .एएससीचं नाव. .पीसीएफमध्ये प्रत्येक पोर्टसाठी एक ओळ असते, उदाहरणार्थ 'सेट_आयओ एलईडी ९५'.

सावधान, पॅकेज: .एएससी फाइलमध्ये चिपची ओळख फक्त '.डिव्हाइस १के' एवढीच असते. पॅकेजचं नाव तिच्यात कुठेही लिहिलेलं नसतं. पॅकेज चुकलं, तर पिन ९५ चं भाषांतर सिलिकॉनवरच्या दुसऱ्याच पॅडमध्ये होतं आणि पुढच्या कुठल्याच टप्प्यावर ते कोणी पकडू शकत नाही. एचएक्स१के आणि एलपी१के दोन्हींचं डिव्हाइस नावही '१के'च आहे. दोघांत फरक आहे तो वेगाच्या हिशेबात, म्हणून तिथे चूक झाली तर बिट जागेवर बसतात, पण टायमिंगचा अहवाल खोटा ठरतो.

सावधान, पिन न दिलेलं पोर्ट: .पीसीएफमध्ये एखादं पोर्ट राहिलं, तर नेक्स्टपीएनआर एरर देऊन थांबतं आणि ती दाबून टाकायचा पर्यायही सुचवतं. तो वापरू नका. वापरलात तर त्या पोर्टला कोणतीही मोकळी पिन मिळेल, आणि तुमच्या बोर्डावर त्या पिनेला दुसऱ्या एखाद्या चिपचं आउटपुट जोडलेलं असू शकतं.

सावधान, शिळी फाइल: ही चूक मी स्वतः केली आहे. नेक्स्टपीएनआर टायमिंगवर अडकलं, एरर देऊन बाहेर पडलं आणि नवीन .एएससी लिहिलीच गेली नाही. फोल्डरमध्ये कालची .एएससी होती. स्क्रिप्टने एररकडे पाहिलं नाही आणि आइसपॅकने कालचीच फाइल बांधली. दुपारभर मी कोड बदलत होतो आणि बोर्डावर कालचंच डिझाइन चालत होतं. तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टची पहिली ओळ जुन्या फाइली पुसते आणि प्रत्येक कमांडनंतर एरर आली तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. मेकफाइल वापरत असाल तर तिच्यात '.डिलीट_ऑन_एरर' ही ओळ घाला.

तपासा: अहवालातली घड्याळाची कमाल वारंवारता तुमच्या घड्याळापेक्षा जास्त हवी. काही सांगितलं नाही तर नेक्स्टपीएनआर १२ मेगाहर्ट्झ धरून चालतं. घड्याळ त्याहून वेगवान असेल तर '--फ्रीक्वेन्सी' नव्हे, '--फ्रेक' असा पर्याय आहे, त्याने खरा आकडा द्या.

## टप्पा ४: .एएससी उघडून वाचा

बहुतेक जण हा टप्पा गाळतात. पाच मिनिटं लागतात, फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा.

वर '.कमेंट' आणि '.डिव्हाइस' दिसतील. त्याखाली टाइल, म्हणजे चिपवरच्या जाळीतले चौकोन, एकामागून एक येतात. प्रत्येक टाइलचं शीर्षक म्हणजे तिचा प्रकार आणि आडवं-उभं स्थान, उदाहरणार्थ '.लॉजिक_टाइल ५ ८'. त्याखाली शून्य-एकांच्या सोळा ओळी. लॉजिक टाइलची एक ओळ ५४ अंकांची, रॅम टाइलची ४२ ची आणि कडेच्या आयओ टाइलची १८ ची असते. ओळींची लांबी पाहूनच टाइल ओळखता येते आणि हाताने बदल करताना एखादा अंक निसटला तर तोही लांबीवरूनच सापडतो.

'.रॅम_डेटा' हा भाग वेगळा असतो. तिथे १६ ओळी, प्रत्येकी ६४ हेक्स अंक, म्हणजे एकूण ४०९६ बिट. ही एका ब्लॉक रॅमची (चिपच्या आतल्या छोट्या मेमरीची) सुरुवातीची भरणी. सर्वांत खाली '.सिम' च्या ओळी: नेटचा (आतल्या जोडणीचा) क्रमांक आणि तुमच्या व्हेरिलॉगमधलं नाव.

एका लॉजिक टाइलमध्ये आठ लॉजिक सेल असतात आणि सेलला दोन ओळी मिळतात: सेल ० ला ओळ ० आणि १, सेल १ ला ओळ २ आणि ३, असं पुढे. शून्यापासून मोजलं तर रकाना ३६ ते ४५ त्या सेलचे. त्यातले ३६ ते ४३ हे दोन्ही ओळींचे मिळून १६ बिट म्हणजे एलयूटीची सत्यसारणी. रकाना ४४ आणि ४५ चे चार बिट वेगळे: वरच्या ओळीत कॅरी (बेरजेतला हातचा) चालू आणि फ्लिपफ्लॉप चालू, खालच्या ओळीत सेट की रिसेट आणि तो असिंक्रोनस आहे का. सत्यसारणीचे १६ बिट मात्र सरळ क्रमाने नाहीत, पिंजून टाकल्यासारखे विखुरलेले आहेत. ते डोळ्यांनी लावत बसू नका. 'आइसबॉक्स_एक्सप्लेन' चालवा, ते सेलनिहाय १६ बिट सरळ क्रमाने आणि त्यापुढे चार खुणा छापून देतं.

तपासा:
- '.डिव्हाइस' पुढे तुमचीच चिप आहे का?
- '.सिम' मध्ये तुमच्या मुख्य सिग्नलांची नावं आहेत का? एखादा काउंटर तिथे नसेल, तर तो छाटला गेला आहे.
- मेमरी भरायची होती तर '.रॅम_डेटा' आहे का, की सगळी शून्यंच आहेत? हेक्स फाइलचा मार्ग चुकलेला असला की इथे लगेच कळतं.

## टप्पा ५: वाचता येतंय तोवर बदल

बदल करायचे असतील तर ते इथे, पॅकिंगच्या आधी. .बिनमध्ये हेक्स एडिटरने हात घालू नका. एक बिट हलला तरी चेकसम जुळत नाही आणि चिप ती फाइल नाकारते.

एलयूटी उलटा करणं. समजा एलईडी नेमका उलटा लागतो आहे आणि त्यामागचा सेल फ्लिपफ्लॉप न वापरणारा आहे. त्या सेलच्या दोन्ही ओळींतले रकाना ३६ ते ४३ चे सोळाही बिट उलटे करा, शून्याचा एक, एकाचा शून्य. सगळेच उलटत असल्यामुळे विखुरलेल्या क्रमाचा इथे प्रश्नच येत नाही. ४४ आणि ४५ ला हात लावायचा नाही. मग एक्सप्लेन पुन्हा चालवून त्या एकाच सेलचे १६ बिट उलटले आणि बाकी फाइल जशीच्या तशी आहे, हे पडताळा. फ्लिपफ्लॉप चालू असलेल्या सेलवर हे करू नका. तिथे मूल्य परत आत फिरत असू शकतं आणि नुसतं आउटपुट उलटण्याऐवजी काउंटरची चालच बदलते.

सावधान: रूटिंगचे (तारा जोडणारे) बिट हाताने बदलू नका. लांब पल्ल्याच्या तारांना वेगवेगळ्या टाइलमधून चालक (तारेवर शून्य किंवा एक टाकणारे घटक) जोडता येतात. चुकून दोन चालक एकाच तारेवर चालू झाले आणि एक शून्याकडे, दुसरा एककडे ओढू लागला, तर चिपमध्ये प्रत्यक्ष विद्युत संघर्ष होतो. चेकसम यातलं काही पाहत नाही. बाइट वाटेत बदलले नाहीत, एवढंच तो सांगतो.

मेमरीची भरणी बदलणं. सॉफ्ट प्रोसेसरचं (एफपीजीएच्या लॉजिकमध्येच घडवलेल्या प्रोसेसरचं) फर्मवेअर बदललं म्हणून पूर्ण प्लेस-अँड-रूट (घटक बसवणं आणि जोडणं) पुन्हा करायची गरज नाही, 'आइसबीरॅम' त्यासाठीच आहे. क्रम असा:

१. 'आइसबीरॅम -जी' ने हव्या रुंदी-खोलीची यादृच्छिक हेक्स फाइल बनवा.
२. व्हेरिलॉगमध्ये मेमरी त्या फाइलने भरून .एएससीपर्यंत या.
३. जुनी हेक्स आणि नवी हेक्स देऊन आइसबीरॅम चालवा. ते .एएससीमध्ये जुना नमुना शोधतं आणि तिथे नवा ठेवतं.
४. त्यानंतरच आइसपॅक.

पहिल्या पायरीत शून्यांनी भरलेली फाइल देणारे पुष्कळ आहेत. शून्यांवरून कोणता ब्लॉक कोणाचा हे ओळखता येत नाही, म्हणून बदल होत नाही. दोन्ही हेक्स फाइलींची रुंदी आणि खोलीही तंतोतंत सारखी ठेवा. यूपी५के ही आइस४० चिप वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: तिच्यातल्या मोठ्या एसपीरॅमची भरणी बिटस्ट्रीममधून होतच नाही. ती चालू झाल्यावर तुमच्या लॉजिकनेच भरायची.

## टप्पा ६: पॅकिंग

आइसपॅक ब्लिंक.एएससी ब्लिंक.बिन

एवढीच कमांड. आउटपुट फाइलचं नाव नेहमी असं दुसऱ्या जागी द्या, '>' चिन्हाने वळवू नका. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये '>' केलं की बाइटना मजकूर समजून यूटीएफ-१६ मध्ये लिहिलं जातं आणि फाइल निकामी होते. फसायला होतं ते याचमुळे की अशा फाइलचाही पहिला बाइट एफएफच असतो. दुसरा पाहा: कमेंट असलेली योग्य फाइल 'एफएफ ००' ने सुरू होते, बिघडलेली 'एफएफ एफई' ने.

दोन पर्याय लक्षात ठेवा. लहान '-एस' दिला तर कॉन्फिगरेशननंतर (चिप भरून झाल्यावर) फ्लॅशला, म्हणजे बिटस्ट्रीम साठवणाऱ्या बोर्डावरच्या मेमरीला, गाढ झोपेत पाठवणारी आज्ञा वगळली जाते. '-एन' दिला तर ब्लॉक रॅमची भरणी वगळली जाते. फर्मवेअर ब्लॉक रॅममध्ये असेल तर '-एन' चुकूनही नको.

## टप्पा ७: बायनरी तपासा

आकार. एचएक्स१के साठी हिशेब हाताने करता येतो. कॉन्फिगरेशनचे चार बँक (भाग), प्रत्येकी ३३२ गुणिले १४४ बिट, म्हणजे २३,९०४ बाइट. सोळा ब्लॉक रॅम, प्रत्येकी ४०९६ बिट, म्हणजे ८,१९२ बाइट. बेरीज ३२,०९६. वर आज्ञा, चेकसम आणि कमेंट. म्हणून फाइल ३२,२०० बाइटच्या आसपास हवी. डिझाइन केवढंही असो, एका एलईडीचं किंवा अख्ख्या प्रोसेसरचं, आकार हाच. 'माझं डिझाइन एवढंसं, मग फाइल एवढी मोठी कशी' या शंकेचं उत्तरही यातच आलं. दुप्पट आकार दिसला तर पॉवरशेलवाली चूक. सुमारे १,३५,००० बाइट दिसले तर ती ८के या मोठ्या चिपची फाइल, सुमारे १,०४,००० दिसले तर यूपी५के ची.

सुरुवातीचे बाइट. हेक्स डंप काढा. कमेंट संपल्यावर हे दिसायला हवं:

७ई एए ९९ ७ई ५१ ०० ०१ ०५ ९२ ०० २० ६२ ०१ ४बी ७२ ०० ९० ८२ ०० ०० ११ ०० ०१ ०१

पहिले चार बाइट ही चिपला जागं करणारी खूण. पुढे प्रत्येक आज्ञेच्या पहिल्या बाइटचा डावा अंक म्हणजे आज्ञा, उजवा अंक म्हणजे तिच्यामागे किती बाइट येणार. '५१ ००' आतल्या ऑसिलेटरचा वेग, '०१ ०५' चेकसमची सुरुवात, '९२ ०० २०' वॉर्मबूटच्या (चालू असतानाच दुसरी बिटस्ट्रीम चढवण्याच्या) खुणा. '६२ ०१ ४बी' म्हणजे बँकेची रुंदी वजा एक: हेक्स १४बी म्हणजे ३३१. '७२ ०० ९०' उंची: हेक्स ९० म्हणजे १४४. वरच्या हिशेबातले आकडे इथे प्रत्यक्ष भेटतात. मग '११ ००' बँक शून्य आणि '०१ ०१' म्हणजे आता डेटा येतोय.

शेवटाकडे '२२' आणि दोन बाइटचा चेकसम, त्यानंतर '०१ ०६', म्हणजे चिपला उठून कामाला लागायची आज्ञा. चेकसम सीआरसी-१६-सीसीआयटीटी प्रकारचा आहे, सुरुवातीचं मूल्य एफएफएफएफ. '०१ ०६' नसेल तर फाइल अर्धवट आहे.

उलट फेरी. आइसअनपॅकने .बिन परत मजकुरात आणा, तो मजकूर पुन्हा पॅक करा आणि दोन्ही .बिनची बाइटगणिक तुलना करा. दोन .एएससींची सरळ तुलना करू नका. '.सिम' च्या ओळी .बिनमध्ये जातच नाहीत, त्यामुळे परत आलेल्या फाइलमध्ये त्या नसतात आणि नसलेला बिघाड दिसू लागतो. याच कारणाने मूळ .एएससी जपून ठेवा. .बिनमधून नावं परत मिळत नाहीत.

एकाच फ्लॅशमध्ये जास्तीत जास्त चार प्रतिमा ठेवून त्यांत वॉर्मबूटने ये-जा करायची असेल, तर 'आइसमल्टी' याच टप्प्यानंतर येतं. त्याला तयार .बिन लागतात, .एएससी नाहीत.

## टप्पा ८: चिपमध्ये चढवणं

'आइसप्रोग ब्लिंक.बिन' फ्लॅश पुसतं, लिहितं, परत वाचून ताडून पाहतं. मोठा '-एस' दिला तर फ्लॅश टाळून थेट चिपच्या एसरॅममध्ये (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या आतल्या मेमरीत) लिहितं. आइसपॅकचा लहान 'एस' आणि आइसप्रोगचा मोठा 'एस' यांचा एकमेकांशी संबंध नाही, ही गफलत सर्रास होते. आइसस्टिकवर बोर्डात बदल केल्याशिवाय थेट एसरॅम लेखन चालत नाही. एचएक्स८के ब्रेकआउट बोर्डावर त्यासाठी जंपर फिरवावे लागतात.

मायक्रोकंट्रोलरने चिप भरत असाल तर क्रम काटेकोर पाळा:

१. चिप-सिलेक्ट खाली ठेवून रिसेट किमान २०० नॅनोसेकंद खाली धरा.
२. रिसेट सोडल्यावर १२०० मायक्रोसेकंद थांबा. चिप आतली मेमरी पुसते आहे.
३. फाइल अखंड पाठवा, प्रत्येक बाइटचा मोठा बिट आधी.
४. सीडन पिन (कॉन्फिगरेशन पूर्ण झाल्याची खूण देणारी) वर गेली की थांबू नका. आणखी किमान ४९ क्लॉक द्या. त्याआधी आयओ पिना तुमच्या डिझाइनच्या ताब्यात येत नाहीत.

चौथी पायरी राहिली की सीडन वर, सगळं बरोबर, तरी एलईडी मेलेला.

## अडलंच तर कुठून पाहायचं

सीडन खालीच राहते. फाइल किंवा वाट चुकली आहे. टप्पा ७ मधला आकार आणि पहिले बाइट पाहा, मग १२०० मायक्रोसेकंदांचा थांबा. ८के ची फाइल १के वर पाठवली तरी हेच होतं.

सीडन वर जाते, पण काहीच हलत नाही. फाइल पोचली, चेकसम जुळला. आता पॅकिंगला दोष देऊ नका. पॅकेज, .पीसीएफ, शिळी .एएससी, याच क्रमाने शोधा.

प्रोसेसर सुरू होतो, पण फ्लॅशमधून फक्त एफएफ वाचतो. कॉन्फिगरेशननंतर फ्लॅश झोपली आहे. एकतर आइसपॅकला लहान '-एस' द्या, नाहीतर तुमच्या लॉजिकने आधी हेक्स एबी ही जागं करणारी आज्ञा पाठवावी. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण मग बिटस्ट्रीम कोणी आणि कशी पॅक केली यावर डिझाइन अवलंबून राहत नाही.

कधी चालतं, कधी नाही, आणि रिसेटचं बटण दाबलं की चालतं. आइस४० मध्ये कॉन्फिगरेशननंतरचे पहिले काही मायक्रोसेकंद ब्लॉक रॅम बरोबर वाचता येत नाही, भरणी बरोबर असली तरी. पहिली सूचना ब्लॉक रॅममधून घेणारा प्रोसेसर तिथेच भरकटतो. एक छोटा काउंटर ठेवून १२ मेगाहर्ट्झवर २५६ क्लॉकपर्यंत रिसेट धरून ठेवा. हे साधारण २१ मायक्रोसेकंद होतात, तेवढे पुरतात. बदल व्हेरिलॉगमधला आहे, म्हणून टप्पा २ पासून पुन्हा, आणि त्याआधी जुन्या फाइली पुसून.